रायफलची नवी नळी रुळवणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एक गोळी, मग सफाई. पुन्हा एक गोळी, पुन्हा सफाई. नवी रायफल घेतलेल्या माणसाला हा मंत्र कोणी ना कोणी देतोच, आणि देणारा तो इतक्या गांभीर्याने देतो की पाळला नाही तर नळीला जन्माचा दोष लागेल असं वाटावं. खालचे प्रश्न मला सतत विचारले जातात. जिथे धातूचा आणि गणिताचा आधार आहे तिथे ठाम बोललो आहे. जिथे नुसता नेमबाजांचा अनुभव आहे तिथे तसं सांगितलं आहे.

नळी रुळवणं म्हणजे नेमकं काय?

नव्या नळीतून पहिल्या काही गोळ्या झाडताना प्रत्येक गोळीनंतर, मग दर तीन-पाच गोळ्यांनंतर नळी आतून पूर्ण साफ करायची, गोळीच्या कवचातून लागलेला तांब्याचा अंश उरू द्यायचा नाही, आणि हे नळीत तांबं कमी साचू लागेपर्यंत चालू ठेवायचं. एवढंच. यात नळीला वळण लागत नाही, पोलाद बसत नाही, नळीला काही आठवतही नाही. नव्या चपलेसारखी ती पायाच्या आकाराची होत नाही. शब्द 'रुळवणं' असला तरी काम घासण्याचं आहे, आणि तेही नळीच्या एका छोट्या भागात.

नव्या नळीत घासण्यासारखं असतं तरी काय?

हे नीट समजलं की पुढचे निम्मे प्रश्न पडतच नाहीत, म्हणून इथे जरा थांबतो.

नळीला आधी आरपार भोक पाडतात, ते रीमर नावाच्या फिरत्या हत्याराने गुळगुळीत करतात आणि मग आतल्या पेचदार खाचा काढतात. खाचा काढण्याच्या पद्धती वेगवेगळ्या. एकच दात असलेलं हत्यार पुन्हापुन्हा फिरवून खाच कापतात, किंवा कार्बाइडचा कठीण ठोकळा (याला बटन म्हणतात) नळीतून दाबत ओढतात, किंवा कठीण साच्याभोवती नळी बाहेरून ठोकून घडवतात. ही ठोकण्याची पद्धत दुसऱ्या महायुद्धाआधी जर्मनीत विकसित झाली. चांगला कारागीर यानंतर शिशाचा ठोकळा नळीतच ओततो, त्याला बारीक घासणारा लेप लावतो आणि हाताने मागेपुढे फिरवून आतला पृष्ठभाग एकसारखा करतो. याला लॅपिंग म्हणतात. लॅप केलेल्या नळीत उरलेले बारीक ओरखडे नळीच्या लांबीच्या दिशेने असतात, म्हणजे गोळीच्या वाटेला समांतर. त्यांचा त्रास नसतो.

खरी गंमत पुढे आहे. एवढी सुंदर नळी तयार झाल्यावर तिच्या एका टोकाला काडतूस बसण्यासाठी चेंबर कापावं लागतं. ते कापणारा रीमर गोल फिरतो. चेंबर संपून खाचा सुरू होतात तो निमुळता भाग, म्हणजे थ्रोट, त्याच रीमरने कापला जातो. त्यामुळे तिथले टूल मार्क, म्हणजे हत्याराच्या रेघा, आडवे असतात, गोळीच्या वाटेला काटकोनात, आणि खाचांमधल्या कंगोऱ्यांच्या तोंडाशी बारीक बरही, म्हणजे कापताना उरलेली धातूची धार, राहते. कानशीवरून हात फिरवावा तशी गोळी यावरून जाते. आणि जाते ती कुठल्या परिस्थितीत? .३०८ विंचेस्टर या काडतुसात दाबाची कमाल मर्यादा ६२,००० पीएसआय आहे, म्हणजे चार हजार वातावरणांहून जास्त, आणि जळत्या दारूचं तापमान अडीच हजार अंश सेल्सिअसच्या आसपास. तांबं १,०८५ अंशांना वितळतं. गोळीच्या कवचावरून खरवडलेलं तांबं या झोतात सापडतं आणि पुढे नळीत जाऊन चिकटतं. म्हणून तांबं दिसतं नळीच्या मध्यात किंवा तोंडाशी, पण ते सोलणारी कानस थ्रोटमध्ये असते.

प्रत्येक गोळीबरोबर ही कानस थोडी बोथट होते. दर शॉटनंतर सफाई करण्यामागचा तर्क असा की आडव्या रेघांमध्ये तांबं भरून राहिलं तर पुढची गोळी पोलादावर नाही, तांब्यावर घासेल आणि रेघा झाकलेल्याच राहतील. तर्क पटण्यासारखा आहे. पण थ्रोट झिजवण्याचं मोठं काम गोळीचं घर्षण करत नाही, तो ज्वाळेचा झोत करतो, आणि नळी साफ असो वा नसो, त्याचं काम चालूच असतं.

मग अचूकता वाढते का?

मला विचाराल तर रुळवण्याने नळी साफ करणं सोपं होतं. अचूकता वाढते असं दाखवणारा पुरावा मात्र माझ्या पाहण्यात नाही. या दोन गोष्टींची गल्लत होते, कारण दोन्ही एकाच दुपारी, एकाच माणसाच्या डोळ्यांसमोर घडताना दिसतात.

संबंध अजिबात नाही असं नाही. तांबं बेसुमार साचणाऱ्या नळीत पंधरा-वीस गोळ्यांनंतर ग्रुप, म्हणजे एकाच नेमाने मारलेल्या गोळ्यांचा कागदावरचा पसारा, फाकू लागतो. अशी नळी रुळल्यावर तो फाकायला चाळीस-पन्नास गोळ्या लागत असतील, तर लांबलचक स्पर्धेत त्याचा फायदाच आहे. पण तो अचूकता टिकण्याचा फायदा झाला. स्वच्छ नळीतून ती जे मुळात मारते, ते खाचांच्या एकसारखेपणावर, चेंबर नळीशी एका रेषेत आहे की नाही यावर, नळीच्या तोंडाच्या कडेवर, म्हणजे क्राऊनवर, आणि काडतुसावर ठरतं. तिरपं कापलेलं चेंबर शंभरदा पुसलं तरी सरळ होत नाही.

नळी बनवणाऱ्यांतही एकमत नाही. काही नामांकित कारागीर रुळवण्याची पद्धत लिहून देतात. त्याच धंद्यात नाव कमावलेले गेल मॅकमिलन मात्र या प्रथेचे उघड विरोधक होते. विनाकारण सफाई म्हणजे नळीचं आयुष्य कमी करणं, असं त्यांचं म्हणणं.

पण माझा ग्रुप पहिल्या पन्नास गोळ्यांनंतर खरोखर लहान झाला!

झाला असेल. प्रश्न तो कशामुळे झाला हा आहे.

तीन गोळ्यांचा ग्रुप हा फार लबाड साक्षीदार आहे. तीच रायफल, तेच काडतूस आणि तोच माणूस घेऊन तीन-तीन गोळ्यांचे ग्रुप मारत राहिलात, तर त्यांच्या आकाराचं प्रमाण विचलन, म्हणजे चढउताराचं माप, सरासरीच्या सुमारे ३७ टक्के निघतं. पाच गोळ्यांच्या ग्रुपसाठी ते २७ टक्के आणि दहासाठी १९ टक्के. म्हणजे १०० मीटरवर सरासरी २५ मिलिमीटरचा ग्रुप मारणारी रायफल काहीही न बदलता आज १६ दाखवेल आणि उद्या ३४, आणि दर तीनांतला एक ग्रुप या पट्ट्याच्याही बाहेर जाईल. पहिला ग्रुप मोठा आला आणि पन्नासाव्या गोळीला लहान आला, तर आपण श्रेय रुळवण्याला देतो. उलटं घडलं तर वारा होता म्हणतो.

मग नीट चाचणी का करू नये? करून बघा, निदान कागदावर. रुळवण्याने ग्रुप १० टक्क्यांनी लहान होतो असं समजा. एवढा फरक भरवशाने पकडायचा तर पाच-पाच गोळ्यांचे शंभराहून अधिक ग्रुप रुळवलेल्या नळीतून आणि तितकेच न रुळवलेल्या नळीतून मारावे लागतील. प्रत्येक बाजूला ५०० हून जास्त गोळ्या. ६.५ क्रीडमोर या काडतुसाच्या नळीचं अव्वल अचूकतेचं आयुष्यच साधारण २,००० ते ३,००० गोळ्यांचं. त्यातला मोठा तुकडा चाचणीतच संपला. शिवाय एकच नळी रुळवून आणि न रुळवून, दोन्ही प्रकारे जगू शकत नाही. दोन नळ्या घ्याव्या लागतात, आणि दोन नळ्यांमध्ये मुळातच फरक असतो, म्हणून दोन नाही, दहा-वीस घ्याव्या लागतात. हे कोणी करत नाही. त्यामुळे या वादात दोन्ही पक्ष वर्षानुवर्षं न हरता बसले आहेत.

आणखी एक कारण तुम्ही स्वतः. पन्नास गोळ्यांत ट्रिगरची सवय होते, गाल स्टॉकवर (दस्त्यावर) रोज त्याच जागी टेकू लागतो, नव्या रायफलचा धक्का ओळखीचा होतो. रुळते ती बरेचदा रायफल नाही, खांदा रुळतो. माझ्या एका रायफलचा ग्रुप साठ गोळ्यांनंतर अचानक 'सुधारला', तेव्हा मी चार दिवस सगळ्यांना रुळवण्याची थोरवी सांगत फिरलो. नंतर आठवलं की मधल्या सफाईत स्कोपच्या माउंटचा एक स्क्रू ढिला सापडला होता आणि तो मीच आवळला होता.

नव्या नळीचा वेग वाढतो म्हणतात. खरं आहे?

हो, आणि याकडे लक्ष द्यायला हवं. स्पर्धेतले नेमबाज क्रोनोग्राफवर, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, हे नेहमी पाहतात: पहिल्या १०० ते २०० गोळ्यांमध्ये गोळीचा वेग हळूहळू चढतो, अनेकदा सेकंदाला १० ते २५ मीटरने, आणि मग स्थिरावतो. सगळ्याच नळ्यांत चढतो असं नाही. पण जे स्वतः काडतुसं भरतात त्यांनी नळी नवी असताना दारूचा अंतिम भार ठरवू नये. वीस गोळ्यांवर जो भार कमाल मर्यादेला टेकलेला असतो, तोच दीडशेव्या गोळीला मर्यादेच्या पुढे गेलेला असू शकतो. लांब पल्ल्याचे तक्तेही वेग स्थिरावल्यावरच बनवा.

ठीक, तरी मला रुळवायचीच आहे. कशी करू?

करा, काही बिघडत नाही. पण पद्धत साधी ठेवा.

सुरुवात गोळी झाडण्याआधी होते. कारखान्यातून आलेल्या नळीत गंज लागू नये म्हणून लावलेलं तेल, क्वचित धातूची बारीक भुकटी असते. रायफल रिकामी असल्याची खात्री करा, बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता दांडा) काढा, नळीतून आरपार उजेड दिसतो का बघा, आणि सॉल्व्हंटचे, म्हणजे मळ विरघळवणाऱ्या द्रवात भिजवलेले, कापडाचे पॅच फिरवून मग कोरडे पॅच फिरवा. चेंबर कोरडं हवं. तेलकट चेंबरमध्ये काडतुसाची पितळी पुंगळी भिंतीला धरत नाही आणि बोल्टवर जादा जोर येतो. हे दर सफाईनंतर पाळायचं. सफाईच्या टेबलावर काडतुसं ठेवायची नाहीत, हेही.

मग एक गोळी, सफाई. असं पाच वेळा. नंतर तीन गोळ्या आणि सफाई, दोन-तीन वेळा. त्यानंतर पाच गोळ्या आणि सफाई, एकदा. सगळ्या मिळून पंधरा-वीस गोळ्या. शंभर गोळ्यांचे विधी सांगणारेही भेटतील, पण आकड्याला काही पावित्र्य नाही. मधल्या वेळात नळी थंड होऊ द्या. नळीवर हात टेकवत नसेल तर थांबायचं, एवढं माप पुरतं.

पुरे झालं हे कसं ओळखायचं?

पॅचकडे बघून. अमोनिया असलेलं सॉल्व्हंट तांब्याला लागलं की पॅच निळा होतो. पहिल्या गोळीनंतर पॅच गर्द निळे येतात आणि संपता संपत नाहीत. काही गोळ्यांनंतर निळा रंग एकदम फिका होतो आणि दोन-तीन पॅचमध्ये निघून जातो. तो उतार दिसला की काम झालं, मग ती चौथी गोळी असो की अठरावी. हातांनी लॅप केलेल्या उत्तम नळीत हा उतार पाचव्या-सहाव्या गोळीलाच दिसू शकतो. वीस-पंचवीस गोळ्यांनंतरही पॅच पहिल्यासारखेच गर्द असतील तर ती नळी तशीच आहे असं समजा. आणखी तीस वेळा पुसून तिचा स्वभाव बदलणार नाही.

एक फसगत टाळा. पितळी जॅग (सफाईच्या रॉडच्या टोकाला पॅच धरणारा तुकडा) किंवा ब्राँझचा ब्रश वापरलात तर त्यातलं तांबंही सॉल्व्हंट खातं आणि पॅच निळाच येतो. माणूस स्वतःचाच ब्रश विरघळवत तासभर नळी 'साफ' करत बसतो. निकेलचा मुलामा असलेला किंवा प्लॅस्टिकचा जॅग आणि नायलॉनचा ब्रश घ्या.

एवढ्या सफाईने नळीलाच इजा होत नाही का?

होऊ शकते, आणि रुळवण्याचा खरा धोका हाच आहे. वीस गोळ्यांसाठी नळीतून रॉड शंभर-दीडशे वेळा जातो. सांध्यांचा रॉड असेल तर सांध्याची कड खाचांना घासते. गाइड नसेल तर रॉड वाकून थेट थ्रोटवर टेकतो, म्हणजे जो भाग आपण जपायला निघालो त्यालाच. तोंडाकडून रॉड घातलात तर क्राऊन जातो, आणि क्राऊनला एका बाजूने लागलेली इजा अचूकतेला तांब्यापेक्षा कितीतरी महागात पडते. म्हणून एकसंध रॉड, बोल्टच्या जागी बसणारं बोअर गाइड, आणि शक्य असेल तिथे सफाई चेंबरकडूनच. पॅच तोंडाबाहेर पडला की तिथेच काढून टाका, तो परत आत ओढू नका. अमोनियाचं सॉल्व्हंट बाटलीवर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवू नका, रात्रभर तर नाहीच, आणि खिडकी उघडी ठेवा.

आयुष्याचा हिशेबही बघा. .३०८ ची नळी साधारण ५,००० गोळ्या चांगली चालते. गोळी नळीत असते सेकंदाचा हजारावा भाग किंवा त्याहून किंचित जास्त. म्हणजे नळीचं सगळं कामाचं आयुष्य पाच-सहा सेकंदांचं! त्या मानाने आपण रॉड तिच्यात किती तास फिरवतो?

क्रोमचं अस्तर असलेल्या नळीचं काय? आणि .२२ चं?

क्रोमच्या अस्तराची नळी रुळवू नका. ते अस्तर पोलादापेक्षा फार कठीण असतं; वीस गोळ्यांनी त्याला ओरखडाही जात नाही. ही कल्पना जुनी आहे, दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी टाइप ९९ अरिसाका रायफलींच्या नळ्यांनाही आतून क्रोम होतं. नायट्राइड केलेल्या, म्हणजे नायट्रोजन मुरवून पृष्ठभाग कठीण केलेल्या, नळीचंही तेच. ठोकून घडवलेल्या काही नळ्यांमध्ये चेंबर खाचांबरोबरच घडतं, रीमरच्या आडव्या रेघाच नसतात. तिथे मूळ कारणच उरत नाही. साध्या क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम पोलादाच्या) आणि स्टेनलेस नळ्यांत रुळवण्याला काही अर्थ आहे, त्यातही कारखान्यातल्या, लॅप न केलेल्या नळ्यांत जास्त.

.२२ रिमफायरमध्ये बहुतेक गोळ्या शिशाच्या, मेणासारख्या वंगणाच्या असतात. तांबं नाही, म्हणून तांबं काढणंही नाही. तिला लागतो तो वंगणाचा पातळ थर. काडतुसाचा ब्रँड बदललात की दहा-वीस गोळ्या नुसत्या त्या थरासाठी जाऊ द्या, आणि मगच ग्रुप मोजा.

घासणारा लेप लावलेल्या गोळ्यांनी हे काम झटपट होतं म्हणे?

होतं, पण त्या गोळ्या झिजवायचं तेवढंच झिजवून थांबत नाहीत. थ्रोट पुढे सरकतो, आणि ते पोलाद परत येत नाही. फार खडबडीत, सतत तांबं धरणाऱ्या नळीवर शेवटचा उपाय म्हणून ठीक. चांगल्या नव्या नळीत कधीच नाही. घासायच्या पेस्टलाही हेच लागू, फक्त ती जरा कमी धोक्याची.

मला माहीतच नव्हतं. दोनशे गोळ्या झाडून झाल्या, नळी वाया गेली का?

नाही. नळी एकदा तळापर्यंत साफ करा, तांबं आणि थ्रोटजवळ साचलेला कार्बन दोन्ही काढा, आणि पुढे चालू ठेवा. ज्या आडव्या रेघा बोथट व्हायच्या होत्या त्या दोनशे गोळ्यांत झाल्याच आहेत. वापरलेली रायफल घेतली असेल तरी हेच. जुनी नळी 'गेली' असं ठरवण्याआधी तिची कसून सफाई करून बघा. कार्बनच्या कड्यामुळे रुसलेल्या नळ्या मी पुन्हा सरळ मारताना पाहिल्या आहेत.

लष्करी साठ्यातली फार जुनी काडतुसं वापरली असतील तर मात्र त्याच दिवशी धावपळ करा. त्यांच्या प्रायमरमध्ये (दारू पेटवणाऱ्या टोपीत) पोटॅशियम क्लोरेट असू शकतं. त्यातून उरणारं क्षार हवेतला ओलावा ओढून नळी गंजवतं आणि ते तेलाने नाही, पाण्याने निघतं. आधी पाणी, मग कोरडं, मग तेल.

साफ नळीतून पहिली गोळी भलतीकडे का जाते?

कोरड्या, नागड्या पोलादावरून जाणाऱ्या गोळीला घर्षण वेगळं मिळतं, वेग वेगळा मिळतो. दोन-चार गोळ्यांनी तांब्याचा आणि कार्बनचा पातळ थर बसतो आणि नळी आपल्या चालीवर येते. म्हणून रुळवतानाच्या 'एक गोळी, सफाई' या टप्प्यातले शॉट बघून नळीची लायकी ठरवू नका. त्यातला प्रत्येक शॉट हा साफ नळीचा पहिला शॉट आहे.

एअर रायफल रुळवायची असते का?

नळीच्या अर्थाने नाही. ४.५ मिलिमीटरची शिशाची पेलेट, दारू नाही, ज्वाळा नाही. कारखान्याचं तेल फेल्टच्या तुकड्यांनी पुसून काढा आणि काही डझन पेलेट मारा. स्प्रिंगच्या रायफलीत सुरुवातीला तेल पेटून धूर आणि वेगात चढउतार दिसतो; तिथे रुळते ती स्प्रिंग आणि पिस्टनचा सील. अमोनिया किंवा तत्सम तीव्र सॉल्व्हंट तिच्या जवळ नेऊ नका, सील खराब होतील.

माझ्याकडे सध्या फक्त साठ काडतुसं आहेत. सगळी रुळवण्यात घालवू?

मुळीच नाही. पाच एकेक करून सफाईसह झाडा, आणि त्याच पाचांत स्कोप कागदावर आणा, म्हणजे तीही फुकट जात नाहीत. मग तीन-तीनचे दोन फेरे, मध्ये सफाई. अकरा झाली. पॅच फिके आले तर सफाई तिथेच थांबवा. आता ॲक्शनचे (यंत्रभाग स्टॉकला धरणारे) आणि माउंटचे स्क्रू एकदा तपासा. पुढची चार गोळ्या नळीत थर बसवायला, न मोजता. दहा गोळ्यांचा एक ग्रुप, सावकाश, नळी तापू न देता. तुमच्या रायफलचं खरं माप हा एक ग्रुप तीन-तीनच्या तीन ग्रुपपेक्षा प्रामाणिकपणे सांगेल. पाच झीरोसाठी, म्हणजे स्कोपचा नेम जुळवायला. उरली तीस. ती टेबलावरून मारू नका. झोपून, बसून, गुडघ्यावर, ज्या स्थितीत ही रायफल पुढे वापरणार आहात त्या स्थितीत मारा, आणि प्रत्येक शॉट सुटताना क्रॉसहेअर कुठे होतं ते निशाणाकडे बघण्याआधी वहीत लिहा.